इलेक्ट्रिक स्कूटरने रस्त्याचे किती पैसे द्यावेत?

गुरुजी, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातल्या गावाहून शाळेत रोज इलेक्ट्रिक स्कूटरने जाता. शेजारचे पेट्रोलवाले म्हणतात, "आमी पेट्रोलातून टॅक्स भरतो, तुमाले त रस्ता फुकटच हाय." पुढेमागे किलोमीटरप्रमाणे कर लागेल अशी चर्चाही तुमच्या कानावर आली आहे. यात न्यायाचं काय, तुमच्या स्कूटरवर किती बोजा रास्त आणि तुमच्या धाकट्या भावाच्या ई-रिक्षाचं काय, असं तुम्ही विचारलंत.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरी सारी ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्गांवर गेली, म्हणून उत्तरही तिथूनच देतो. शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. इलेक्ट्रिक गाडीनं काहीच द्यायचं नाही, हे कायम चालणार नाही. पण वसुलीची सुरुवात स्कूटरपासून करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

आधी पेट्रोलमध्ये रस्त्याचे पैसे नेमके किती ते पाहू. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला २१ रुपये ९० पैसे झालं. त्यावर राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. दोन्ही मिळून आपल्या भागातल्या दरानं लिटरमागे ४५-४७ रुपये कर जातो. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला हा किलोमीटरमागे साधारण एक रुपया पडतो. तुमच्या स्कूटरला एका युनिटमध्ये ३५ किलोमीटर धरा. घरगुती विजेवर विद्युत शुल्क १६ टक्के, म्हणजे युनिटमागे सव्वा-दीड रुपया. तो किलोमीटरवर वाटला तर चार पैसे येतात. शेजाऱ्याचा एक रुपया, तुमचे चार पैसे. चिडणं साहजिक आहे.

पण त्या एका रुपयातला रस्त्याचा भाग किती? केंद्राच्या २१ रुपये ९० पैशांत 'रस्ते व पायाभूत सुविधा उपकर' फक्त पाच रुपयांचा आहे, डिझेलवर तो दोन रुपये. बाकीचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट सर्वसाधारण तिजोरीत जातो. त्यातून पगार होतात, निवृत्तिवेतन होतं (माझंही), कर्जाचं व्याज भरलं जातं आणि उरलंसुरलं रस्त्याला मिळतं. म्हणजे शेजारी किलोमीटरमागे रस्त्याच्या नावानं खरं तर ११ पैसे देतो. उरलेले ९० पैसे हा सरकार चालवण्याचा कर आहे. तो पेट्रोलवर बसला, कारण पंपावर वसुली सोपी.

ही सोपी वसुली आजची नाही. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा फक्त रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, अशी तिची शिफारस होती. त्यातूनच १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुढं १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय मार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड ठरली. आजही आमची नोंदवही तीच उतरंड पाळते. जयकरांची कल्पना साधी होती: जो जास्त फिरतो तो जास्त पेट्रोल जाळतो, जड गाडी आणखी जाळते, म्हणून पेट्रोलवरचा कर म्हणजे रस्तावापराचा कर. शंभर वर्षं हे ढोबळमानानं जमून गेलं. विजेच्या गाडीनं तो धागा तोडला. घरातल्या ज्या बोर्डावर मिक्सर चालतो त्यावरच स्कूटर चार्ज होते. त्यातली वीज चटणीला किती गेली आणि रस्त्याला किती, हे मीटर सांगत नाही.

आता माझ्या खात्याचा विषय. रस्ता मोडतो कशानं?

रस्त्याची जाडी ठरवताना आम्ही गाड्यांची संख्या मोजत बसत नाही, एक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या जोडीला धरणाऱ्या दांड्यावरचं, वजन मोजतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक फिरवले गेले. त्यातून चौथ्या घाताचा नियम आला: एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, सोळा पट होतं. रस्तेबांधणीचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची आपली मानकंही याच पायावर उभी आहेत. त्यांत प्रमाण एक्सल ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सव्वाआठ टनांच्या आतबाहेर धरतात. चारचाकी मोटारीच्या एका एक्सलवर पाऊण-एक टन येतो. नियम लावला तर एका प्रमाण एक्सलनं एकदा जाऊन जे नुकसान केलं ते करायला मोटारीच्या एक्सलला काही हजार, हलकी मोटार असेल तर दहा हजारांहून जास्त खेपा लागतात. स्कूटरचं गणित करण्यात अर्थच नाही. दोन माणसं आणि मागं तुरीचं कट्टं घेऊनही ती डांबराला काही करू शकत नाही. म्हणून तर मानकांत तीन टनांपेक्षा कमी एकूण वजनाची गाडी हिशेबात धरायचीच नाही असं सांगितलं आहे.

उलट टोकाला पाहा. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं ट्रकच्या चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वजन वाढलं पावणेतेरा टक्के. चौथ्या घातानं नुकसान वाढलं साठ टक्क्यांच्या वर. एका अधिसूचनेनं रस्त्यांचं आयुष्य असं कमी झालं आणि आम्हाला त्यासाठी वेगळा निधी काही आला नाही. ही झाली कायदेशीर मर्यादा. रेतीघाटावरून रात्री निघणारे टिप्पर तिच्या आत असतात असं म्हणणारा माणूस मला भेटायचा आहे. कायद्यात दंड आहे: जादा वजनाला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण धरमकाट्यावर गाडी चढली तर दंड. वणीकडचा कोळसा, गडचांदूरचं सिमेंट, एटापल्ली-आलापल्ली भागातलं सुरजागडचं लोहखनिज, या वाहतुकीच्या रस्त्यांवर जो एकदा गेला त्याला चौथा घात शिकवावा लागत नाही.

आपल्याकडे त्यात काळी माती. ही पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात गाव-रस्त्याच्या कडेनं लांबच लांब भेग पडते, ती वाहनानं पडलेली नसते. पहिल्या पावसाचं पाणी तिच्यातून खाली जातं, भराव नरम होतो आणि मग त्यावर जड चाक आलं की कड तुटते. तीन-पावणेचार मीटरच्या रस्त्यावर समोरून एसटी आली की कापसानं लादलेली ट्रॉली एका बाजूनं साइडपट्टीवर उतरणारच. गावातला रस्ता मधून क्वचित मोडतो, कडेनं मोडतो. त्याला मुरूम टाकून साइडपट्टी भरणं, गटार मोकळं ठेवणं आणि रस्त्याचा उतार टिकवणं एवढीच दवा आहे. ती महागही नाही. ग्रामीण रस्त्यांच्या आराखड्यात हंगामी वाहतूक वेगळी धरायची सोय आहे ती याचसाठी. आपल्याकडे सोयाबीन, कापूस, तूर आणि वरूड-मोर्शीकडे संत्रा, वर्षाचं सगळं ओझं या रस्त्यांवर चार-पाच महिन्यांत येतं.

मग स्कूटरनं शून्य द्यावं का? नाही. इथं माझं काही अभियंता मित्रांशी पटत नाही. चौथा घात फक्त मोडतोडीचा हिशेब देतो. जमीन, भराव, मोऱ्या, पूल, पावसाळ्यातली देखभाल हा खर्च गाडी हलकी असो की जड, करावाच लागतो. सार्वजनिक विहीर खोदायचा खर्च सगळ्या घरांनी वाटून घ्यावा आणि मोटर लावून उपसणाऱ्यानं विजेचं बिल वेगळं भरावं, तसं हे आहे. रस्ता असण्याचा वाटा प्रत्येक गाडीनं सारखा, छोटा आणि वर्षाला एकदा द्यावा. रस्ता मोडण्याचा वाटा मात्र वजन आणि अंतर यांवर, आणि तो फक्त जड गाडीनं द्यावा. ती डिझेलवर चालते की बॅटरीवर, याचा त्यात संबंध नाही.

राज्याचा मालवाहू गाड्यांवरचा कर वजनाप्रमाणे वाढतो हे खरं, पण वजन वाढतं त्या मानानं. नुकसान त्या मानानं वाढत नसतं. ही जुनी खोट आहे, इलेक्ट्रिक गाडी येण्याच्या कितीतरी आधीची.

बॅटरीमुळे गाड्या जड होतात, म्हणून इलेक्ट्रिकवर जादा कर हवा, असंही एक म्हणणं ऐकू येतं. मोटारीबाबत ते निरर्थक आहे. दोन-तीनशे किलो वाढले तरी ती मोडतोडीच्या हिशेबाबाहेरच राहते. ट्रकबाबत गंमत वेगळी आहे. एक्सलची कायदेशीर मर्यादा दोघांना सारखी, त्यामुळे पूर्ण भरलेला इलेक्ट्रिक ट्रक डिझेल ट्रकपेक्षा एका खेपेत जास्त रस्ता मोडत नाही. पण बॅटरीच्या वजनाएवढा माल कमी बसतो, म्हणून खेपा वाढतात आणि रिकामा परततानाही तो जड असतो. बसला हे सगळ्यात लागू पडतं. मागच्या एक्सलवर नऊच्या जागी दहा टन आले तर नुकसान दीडपट. म्हणून ई-बस गावच्या अरुंद फाट्यांवर आणताना आधी मोऱ्या आणि रस्त्याची जाडी तपासा, असं मी म्हणेन. ई-बस नको, असं मी म्हणत नाही.

वसुलीच्या पद्धतींकडे येतो. विजेवर कर लावा, हा पहिला विचार सगळ्यांना सुचतो. घरगुती मीटरवर तो लावता येत नाही हे वर आलंच. फक्त चार्जिंग स्टेशनवर लावला तर घरी अंगण आणि पार्किंग असलेला सुटतो आणि भाड्याच्या खोलीत राहणारा सापडतो. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत आहे. उद्या चार्जिंगच्या विजेला जादा दर लागला तर स्कूटरी विहिरीवर न्यायला लोकांना कोणी शिकवायला नको. ते मला मान्य नाही, पण होईल.

उपग्रहानं गाडीचा माग ठेवून किलोमीटर मोजायचे, हा शहरी लोकांचा लाडका उपाय. यंत्राची किंमत, माहिती कोणाकडे जाते तो प्रश्न आणि मेळघाटात नेटवर्क कुठं मिळतं, हे सोडून देऊ. गावात माणूस स्वतःच्या धुऱ्यावरून, पांदण रस्त्यावरून, वर्गणी काढून मुरूम टाकलेल्या वाटेवरून फिरतो. त्या किलोमीटरचा कर कोणाला द्यायचा? पुण्या-मुंबईत सकाळी नऊ वाजता गाडी बाहेर काढणारा दुसऱ्याचा वेळ खातो, तिथं वेळेनुसार आकारणीला अर्थ आहे. राळेगावात कोंडी बाजाराच्या दिवशी होते आणि ती बहुतेक बैलजोड्यांची असते.

उरतं मीटर वाचन, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर फिरली ते दाखवणारा ओडोमीटर. न्यूझीलंडनं हेच केलं. १ एप्रिल २०२४ पासून तिथल्या हलक्या इलेक्ट्रिक गाड्या दर हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर भरतात. पैसे आधी भरून किलोमीटर विकत घ्यायचे आणि नियमित तपासणीत मीटर पाहिलं जातं. आइसलँडनंही २०२४ च्या जानेवारीपासून इलेक्ट्रिक मोटारींना किलोमीटरमागे सहा क्रोना लावले. ब्रिटननं २०२८ पासून मैलामागे तीन पेन्स लावायचं ठरवलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२१ मध्ये असा कर लावला, पण २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं (तिथं त्याला हायकोर्ट म्हणतात) तो रद्द केला. असा कर केंद्राचा अधिकार आहे, राज्याचा नाही, असं ठरलं. आपल्याकडे ती अडचण येऊ नये. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली ५७ वी नोंद वाहनांवरील कर राज्यांना देते, ५९ वी टोल देते.

पण न्यूझीलंडची पद्धत उभी आहे ती नियमित तपासणीवर. आपल्याकडे पेट्रोल गाडीला निदान पीयूसी काढावी लागते, इलेक्ट्रिकला तीही नाही. विमा? नव्या दुचाकीला पाच वर्षांचा एकदम मिळतो, त्यानंतर गावात किती गाड्यांचा चालू असतो ते तुम्हाला माहीत आहे. आणि २५ किलोमीटरच्या आतल्या वेगाच्या, २५० वॉटच्या स्कूटरींना नोंदणीच लागत नाही. त्या कुठल्याच जाळ्यात येत नाहीत. म्हणून दुचाकीचं मीटर वाचायच्या नादी लागू नये. वसुलीचा खर्चच वसुलीपेक्षा जास्त होईल. व्यावसायिक गाड्यांचं तसं नाही. त्यांना फिटनेस प्रमाणपत्रासाठी आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी यावंच लागतं. तिथं मीटर वाचा, वजनाशी गुणा, पैसे घ्या. अट एकच, डिझेल ट्रकलाही हेच लावा. नाहीतर कोळसा वाहणारा म्हणेल, बॅटरी कशाला घेऊ?

मोटारींबद्दल थोडं कडक बोलतो. महाराष्ट्रात पेट्रोल दुचाकीला इंजिनच्या क्षमतेप्रमाणे १० ते १२ टक्के एकरकमी कर लागतो. नव्वद हजारांच्या गाडीवर सुमारे दहा हजार. पंधरा लाखांच्या पेट्रोल मोटारीवर १२ टक्क्यांनी एक लाख ऐंशी हजार. इलेक्ट्रिकला हा कर माफ आहे. म्हणजे सरकारनं तुम्हाला दहा हजार सोडले आणि मोटारवाल्याला पावणेदोन लाखांवर. त्यात २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणानं समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोल पूर्ण माफ केला. समृद्धी आपल्या वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा जिल्ह्यांतून जाते. त्याच जिल्ह्यांत एसटीच्या भाड्यात साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो. बाजाराला निघालेली म्हातारी रस्त्याचा कर देते आणि शेजारून फुकट जाणारी मोटार देत नाही. न्यायाचा प्रश्न विचारायचाच असेल तर इथं विचारा. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींना सहा टक्के कर सुचवला होता, तोही त्याच महिन्यात मागं घेतला गेला. प्रदूषण कमी व्हावं म्हणून सवलत द्यायला माझा विरोध नाही. पण सवलत आणि रस्त्याचं भाडं ही दोन वेगळी खाती आहेत. खरेदीवर अनुदान द्या, रस्त्याचं भाडं मात्र घ्या.

तर तुमची स्कूटर. शेजाऱ्याची पेट्रोल दुचाकी वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरली तर ११ पैशांनी रस्त्याचा उपकर साडेपाचशेच्या आसपास होतो. म्हणून नोंदणीकृत इलेक्ट्रिक दुचाकीनं वर्षाला सरसकट पाचशे रुपये द्यावेत असं माझं मत आहे, तेही राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०३० ला संपल्यावर. त्याच रीतीनं मोटारीला, वर्षाला दहा हजार किलोमीटर आणि लिटरला पंधराचं ॲव्हरेज धरून, तीन-साडेतीन हजार येतात, आणि ते आजपासून घ्यावेत. एकरकमी नको, दरवर्षी ऑनलाइन. सरसकट ठेवण्यात गावाचा फायदा आहे, कारण तालुक्याला, दवाखान्याला, कॉलेजला आपली माणसं लांब जातात. तुम्ही वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरत असाल, किलोमीटरप्रमाणे घेतलं तर शहरात दुकानापुरती स्कूटर काढणाऱ्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागेल, आणि तेही जास्त खड्ड्यांच्या रस्त्यासाठी.

हे पैसे कुठं जातात, यावर मी दराइतकाच अडून बसेन. केंद्राचा उपकर राज्यांच्या वाट्याच्या गंगाजळीत धरला जात नाही. केंद्र तो आपल्या योजनांतून खर्च करतं. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती चालते ती ३०५४ या लेखाशीर्षावर, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या खात्यावर. आमच्याकडे त्याला नुसतं 'तीस चोपन्न' म्हणतात आणि ते कधी पुरत नाही. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्याला पहिली पाच वर्षं ठेकेदाराची देखभाल असते, सहाव्या वर्षी तो 'तीस चोपन्न'च्या रांगेत येऊन उभा राहतो. इलेक्ट्रिक गाड्यांचा नवा कर उपकर म्हणून दिल्लीला न जाता राज्याचा वाहनकर म्हणून राहावा आणि त्यातला ठरावीक हिस्सा रस्त्याच्या लांबीप्रमाणे थेट जिल्हा परिषदांना मिळावा. काळ्या मातीच्या जिल्ह्यांना त्यात थोडं झुकतं माप हवं, कारण तिथं तोच रस्ता सांभाळायला जास्त लागतं. खाणीच्या भागात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणवाल्यांकडून जमा होणाऱ्या निधीचा, पैसा आहेच, तो आधी खनिज वाहणाऱ्या रस्त्यांना लावावा.

भावाच्या ई-रिक्षाचं सोपं आहे. ती व्यावसायिक आहे, फिटनेसला येते, म्हणून मीटर वाचता येईल, पण वाचू नये. तिचं वजन तीन टनांच्या बरंच आत आहे, मोडतोडीचा वाटा शून्य. दुचाकीएवढे पाचशे पुरे, आणि फिटनेसच्याच दिवशी भरून घ्यावेत, म्हणजे त्याची वेगळी चक्कर वाचेल. हीच रिक्षा तो सोयाबीनची पोती लादून बाजार समितीत नेत असेल, तर मात्र त्याला सांगा की रस्त्याआधी तिचाच एक्सल जाईल.